ताप उतरतो, मेंदू जागाच राहतो

फ्लूचा विषाणू सहसा मेंदूत शिरत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि फार झालं तर फुप्फुसं, एवढ्यातच त्याचा सगळा कारभार चालतो. आजारी माणसाच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं, तर त्यात हा विषाणू क्वचितच सापडतो. आणि तरीही फ्लूत माणूस ज्या गोष्टींनी खचतो त्या आठवून बघा. जेवण समोर आलं तरी हात पुढे जात नाही, उजेड सोसवत नाही, आवडीची माणसं भेटायला आली तरी कधी उठतील असं होतं, वर्तमानपत्रातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नाही. यातलं काहीच घशात घडत नाही. हे सगळं मेंदू घडवून आणतो, आणि ज्याच्यासाठी घडवतो तो विषाणू मेंदूपर्यंत आलेलाही नसतो.

मी सोलापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. राहायला अशोक चौकाच्या पुढे, यंत्रमागांच्या वस्तीत. फ्लूची लाट आमच्याकडे एकदा पावसाळ्यात येते आणि एकदा संक्रांतीच्या मागेपुढे, म्हणजे नेमकी गड्ड्याच्या, सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, दिवसांत. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला अख्खं शहर रस्त्यावर उतरलेलं असतं, गड्ड्यावर रात्री पाय ठेवायला जागा नसते, आणि मग थोड्याच दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक घरातून खोकला ऐकू यायला लागतो. समोरच्या अक्का घरी विड्या वळतात. त्यांचा ताप उतरून गेला होता, घसा मोकळा झाला होता, तरी एका दुपारी सूप मांडीवर घेऊन नुसत्याच बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताप गेला बघा टीचर, पण काईच सुधरंना झालंय. पंचवीस मोजायला गेलं की वीसलाच विसरायलंय. ताप गेला, तर मग आता हे काय राहिलंय?"

हा प्रश्न मला वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर शोधत मी बरंच वाचलं, आणि जे हाती लागलं ते या वस्तीतल्या प्रत्येक घरात पोचायला हवं असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात तापापासून करावी लागेल, कारण आपण आजार मोजतो तो तापानं. शरीराच्या पेशींना विषाणूची चाहूल लागली की त्या सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ ही त्यांतली मुख्य नावं. ही रसायनं रक्तातून फिरत मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत येतात. तिथल्या अस्तराच्या पेशी त्यांना ओळखतात आणि मेंदूच्या बाजूला प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार करतात. हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग, त्याच्या पुढच्या बाजूला याचा परिणाम होतो आणि शरीराचं तापमान किती ठेवायचं याची पातळी वर सरकते. म्हणून तर ताप चढताना थंडी वाजते. अंग गरम असूनही मेंदूच्या नव्या हिशेबात ते अजून गारच असतं, मग आपण सोलापुरी चादरीवर दुसरी चादर ओढून घेतो. पॅरासिटामॉल याच प्रोस्टाग्लँडिनच्या निर्मितीत अडथळा आणतं. गोळी विषाणूचं काहीही बिघडवत नाही. ती फक्त मेंदूला पोचणारा निरोप थोडा वेळ अडवते.

रक्तातून जाणारा हाच निरोपाचा मुख्य रस्ता, असं मीही वर्षानुवर्षं शिकवत आले, कारण पुस्तकांत तसंच होतं. २०२३ साली 'नेचर' या नियतकालिकात हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या ना-रयुम बिन आणि स्टीफन लिबर्लेस यांच्या गटाचं संशोधन आलं. ते वाचताना मी अक्षरशः उठून बसले. त्यांनी उंदरांना फ्लूची लागण केली आणि मेंदूला बातमी नक्की कोण देतं ते शोधलं. ते काम निघालं नसांचं, म्हणजे रक्तवाहिन्यांचं नव्हे, संवेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंचं. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी नववी नस घशाकडे जाते. तिच्यात चेतापेशींचा एक छोटासा गट आहे, आणि त्याची टोकं नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात, टॉन्सिलच्या आसपास पसरलेली आहेत. लागण झाली की तिथेच प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, या पेशी ते ओळखतात आणि थेट मेंदूच्या देठाला कळवतात. म्हणजे रक्तात काही मिसळून डोक्यापर्यंत पोचण्याची वाट बघायची गरजच नाही. घशाच्या मागच्या कोपऱ्यात काही घडतंय हे मेंदूला तिथल्या तिथे समजतं.

पुढचा भाग त्याहून विलक्षण आहे. संशोधकांनी त्या पेशींमधला प्रोस्टाग्लँडिन ओळखणारा भाग काढून टाकला. विषाणू तोच, लागण तीच, पण हे उंदीर खात राहिले, पाणी पीत राहिले, हिंडत राहिले. विषाणू पुढे फुप्फुसांत उतरल्यावर आजारपणाचा दुसरा टप्पा येतो. तो मात्र या नसेवाटे येत नव्हता, त्याचा मार्ग वेगळा होता. आणि ज्यांची ही नस गप्प केली होती त्यांच्यातले जास्त उंदीर जगले.

इथे मी बराच काळ अडकले. कारण १९८८ साली बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञानं मांडलेला विचार मला मनापासून पटलेला होता. आजारी जनावर कोपऱ्यात जाऊन पडतं, खात नाही, कुणात मिसळत नाही, हा अशक्तपणा नसून शरीरानं ठरवून केलेली तजवीज आहे, असं त्याचं म्हणणं. ताप टिकवायला भरपूर ऊर्जा लागते, ती वाचवण्यासाठी मेंदू बाकीची कामं बंद करतो. मग ही तजवीज काढून घेतल्यावर उंदीर जास्त का जगावेत? मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एका आजारात जी विश्रांती वाचवते, ती दुसऱ्यात उपासमारीपर्यंत नेऊ शकते. आमच्याकडे तापात 'लंघन' म्हणून माणसाला पाण्यावर ठेवायची जुनी सवय आहे. हे वाचल्यापासून मी तरी फ्लूच्या माणसाच्या उशाशी ज्वारीची पातळ आंबील ठेवतेच. इच्छा नसली तरी दोन घोट. इच्छा मारण्याचं काम मेंदू करत असतो, पोटाला बिचाऱ्याला ते ठाऊक नसतं.

आता मेंदूच्या आत. मेंदू हा रक्तापासून राखलेला अवयव आहे हे १८८५ च्या सुमाराला पॉल एर्लिख यांच्या प्रयोगांत पहिल्यांदा दिसलं. जनावराच्या रक्तात रंग सोडला तर सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र जवळजवळ कोरा राहिला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून सहजी काही जात नाही. यावरून कित्येक दशकं असा समज रूढ होता की शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला मेंदूत जागाच नाही. हा समज हळूहळू मोडत गेला. २०१५ साली अमेरिका आणि फिनलंडमधल्या दोन गटांनी मेंदूभोवतीच्या आवरणांत लसिकावाहिन्या, म्हणजे प्रतिकारपेशी वाहून नेणाऱ्या नळ्या, दाखवल्या, तेव्हा तर पाठ्यपुस्तकातल्या आकृत्या बदलाव्या लागल्या.

पण मेंदूच्या आत त्याची स्वतःची प्रतिकारपेशी आहे हे त्याच्या कितीतरी आधी माहीत झालं होतं. १९१९ साली माद्रिदमध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा या शास्त्रज्ञानं चांदीच्या क्षारांनी मेंदूचे पातळ काप रंगवून या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिलं. हे वर्ष माझ्या मनात पक्कं बसलं आहे. आदल्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या महासाथीनं जग हादरलं होतं, एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली, मुंबई इलाख्यानं तर तो घाव फार आधी आणि फार खोल सोसला. आणि ती साथ पुरती ओसरली नव्हती तेव्हाच एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नेमकी ती पेशी बघत होता, जिच्याशिवाय त्या साथीनंतरची सुस्ती आणि उदासी समजून घेता येत नाही.

मायक्रोग्लिया मेंदूत जन्मत नाहीत. गर्भ अगदी लहान असताना पीतक कोशात, म्हणजे गर्भाबाहेरच्या एका पिशवीत, त्यांच्या पूर्वजपेशी तयार होतात आणि तिथून मेंदूत येऊन वस्तीला राहतात. उंदरांमध्ये २०१० साली हे नीट दाखवलं गेलं. चेतापेशींची जाळी विणली जाण्याआधीच या तिथे हजर असतात. मग काय करतात? बराच काळ उत्तर होतं: संकट येईपर्यंत स्वस्थ बसतात. २००५ साली जिवंत उंदराच्या मेंदूत, कवटीचं हाड पातळ करून, लेझरच्या सूक्ष्मदर्शकानं पाहिलं गेलं तेव्हा दिसलं की त्या क्षणभरही स्वस्थ नसतात. पेशीचा मधला भाग जागेवरच राहतो, पण तिच्या बारीक फांद्या सतत लांबत असतात, आखडत असतात, शेजारच्या प्रत्येक चेतापेशीला, प्रत्येक जोडणीला स्पर्श करून येतात. आमच्या गल्लीतल्या कारखान्यात एक कामगार अनेक मागांमधून फिरत असतो. हात कशालाच लावत नाही असं लांबून वाटतं, पण प्रत्येक बीमवरून त्याची नजर फिरत असते, आणि एक ताण्याचा धागा तुटला की तो आधी तिथे पोचलेला असतो. मायक्रोग्लियाचं काम मी मुलांना असंच सांगते.

या पेशी तुटलेलं नीट करतात तशा नको असलेलं काढूनही टाकतात. बालवयात चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या असतात. त्यातल्या कमी वापरल्या जाणाऱ्या जोडण्या मायक्रोग्लिया गिळून टाकतात, आणि कोणती गिळायची याची खूण शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतलीच काही प्रथिनं करतात. अक्कांच्या प्रश्नाच्या उत्तराला याचा आधार लागणार आहे.

फ्लू झाला की नसांतून आणि रक्तातून आलेल्या निरोपानं मायक्रोग्लियाचं रूप पालटतं. फांद्या आखूड आणि जाड होतात, पेशी फुगते आणि स्वतःही तीच सायटोकाइन सोडायला लागते. म्हणजे फुप्फुसात सुरू झालेल्या लढाईची नक्कल मेंदूत, विषाणूविना सुरू होते. आळस, गुंगी, विसरणं, कशातच मन न लागणं, हे त्याचं बाहेर दिसणारं रूप. विषाणू नाकाच्या वरच्या भागातून गंधाच्या नसेला धरून थेट मेंदूत जायची वाटही आहे, काही प्रकारचे विषाणू उंदरांत ती वापरतात. तिथेही याच पेशी सज्ज असतात. अमेरिकेतल्या एका गटानं २०२० साली नाकावाटे जाणाऱ्या एका वेगळ्या विषाणूवर काम केलं. त्यात दिसलं की मायक्रोग्लिया लागण झालेल्या चेतापेशींकडून विषाणूचे तुकडे घेतात आणि बाहेरून आलेल्या टी-पेशींना, म्हणजे रक्तातल्या लढाऊ प्रतिकारपेशींना, दाखवतात. मग टी-पेशी विषाणूला आवर घालतात, पण चेतापेशीला मारत नाहीत. फुप्फुसातली मेलेली पेशी नवी येते, चेतापेशी मेली तर सहसा येत नाही. मेंदूतला बचाव इतका जपून का करावा लागतो ते यावरून कळतं.

पण अक्कांचा प्रश्न ताप असतानाचा नव्हता. नंतरचा होता.

त्याचं सगळ्यात जवळचं उत्तर मला जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये सापडलं. तिथल्या तांत्रिक विद्यापीठातल्या मार्टिन कोर्टे यांच्या गटानं २०१८ साली उंदरांना फ्लूच्या तीन वेगवेगळ्या प्रकारांची लागण केली: एच१एन१, एच३एन२ आणि एच७एन७. यातला एच७एन७ मेंदूत शिरू शकतो, बाकीचे दोन शिरत नाहीत. उंदीर बरे झाले, विषाणू संपला, वजनं भरून आली. लागणीनंतर ३० दिवसांनी त्यांना पाण्याच्या हौदात सोडलं. या चाचणीत पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे उंदरानं आठवून शोधायचं असतं. एच७एन७ झालेल्या उंदरांना जड जाणार हे अपेक्षितच होतं. पण एच३एन२ झालेले, ज्यांच्या मेंदूला विषाणू शिवलाच नव्हता, तेही अडखळले. त्यांचे मेंदू तपासले तर हिप्पोकॅम्पसमध्ये, जिथे नवी आठवण घडते त्या भागात, चेतापेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे कमी झाले होते. या काट्यांवरच तर जोडण्या बसतात. आणि तिथले मायक्रोग्लिया महिन्यानंतरही त्या फुगलेल्या, सावध रूपातच होते.

त्यांनी १२० दिवसांनी पुन्हा पाहिलं. काटे परत आले होते, मायक्रोग्लिया मूळ रूपात गेले होते, उंदरांना चौथरा सापडत होता. एच१एन१ झालेल्या उंदरांत तर हा लांबलेला परिणाम दिसलाच नव्हता. म्हणजे प्रत्येक फ्लू सारखा नाही, आणि जे बिघडलं ते भरून येतं. त्याला वेळ मात्र लागतो, आणि तो वेळ थर्मामीटरवर दिसत नाही. उंदराचे दिवस माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे मी जाणते. पण ताप गेल्यावर 'हे काय राहिलंय' याचं उत्तर मी अक्कांना आता विश्वासानं देऊ शकते: मेंदूतल्या राखणदार पेशींना अजून सगळं शांत झाल्याची खात्री पटलेली नाही, आणि तोवर त्या तुमच्या मोजणीच्या आड येतायत. यात मनाचा कमकुवतपणा नाही, आणि सुनेला वाटतो तसा कामचुकारपणा तर मुळीच नाही.

माझ्या आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला याच लाटेत फ्लू झाला. ताप फार नव्हता, शंभरच्या वर क्वचितच गेला. पण एका रात्री ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि मला म्हणाली, "भोंगा झाला का गं? डबा भरायचाय ह्यांचा." माझे वडील गिरणीत होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, गिरणी बंद पडून त्याहून जास्त. मी तिचा हात धरला तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी कोण हे तिला उमगत नव्हतं. सकाळी ती ठीक होती. चहा घेतला, शेंगा सोलल्या, मावशीशी फोनवर बोलली. संध्याकाळ झाली आणि पुन्हा भोंगा.

नातेवाइकांनी निष्कर्ष काढून टाकला. "आता हे असंच चालायचं, वय झालं." मला ते मान्य नव्हतं. ज्याला स्मृतिभ्रंश म्हणतात तो महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी उतरतो. एका रात्रीत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि अंधार पडल्यावर वाढतो, तो आजारपणातला संभ्रम, डॉक्टर ज्याला डिलिरियम म्हणतात. म्हातारपणी मायक्रोग्लिया आधीच अर्धवट सावध असतात, थोड्याशा निरोपानंही त्या जास्त जोरानं आणि जास्त काळ पेटतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलेलं आहे. म्हणूनच वयस्कर माणसात फ्लूचं पहिलं लक्षण खोकला नसून गोंधळ असू शकतो. आमच्या डॉक्टरांनी तिचा ऑक्सिजन पाहिला, रक्तातलं सोडियम आणि लघवी तपासून घेतली, चालू असलेल्या गोळ्यांची यादी नजरेखालून घातली आणि एक झोपेची गोळी बंद केली. घरी आम्ही तिचा चष्मा आणि कानातलं यंत्र दिवसभर तिच्या अंगावर राहील असं बघितलं. रात्री एक मंद दिवा ठेवला, पाणी पाजत राहिलो, आणि रोज तेच एक माणूस तिच्याजवळ बसेल अशी व्यवस्था केली. तिला दुरुस्त करायला गेलो नाही. भोंगा झाला का म्हणाली की आज सुट्टी आहे म्हणायचो, मग ती निवांत व्हायची. हळूहळू भोंगा थांबला. तिच्या बोलण्यात काही शब्द अजून उशिरा येतात, पण ती आता नातवाचे पाढे पाठ घेते.

वय झालं म्हणून ज्यांना सोडून दिलं जातं अशा किती आज्यांच्या बाबतीत हा निव्वळ फ्लू असतो, या विचारानं मला राग येतो. तपासून घ्या. संभ्रम अचानक आला असेल तर तो आजार समजून वागा, स्वभाव समजून नाही.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आणि कधी कधी फार भयंकर आहे. १९९५ साली जपानमधल्या डॉक्टरांनी मुलांमधला एक विकार वर्णिला. फ्लूसारख्या तापात काही तासांत मूल बेशुद्ध होतं, झटके येतात, आणि मेंदूच्या चित्रात दोन्ही बाजूंचा थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेला संवेदनांचा थांबा, सुजलेला, मरू लागलेला दिसतो. इथेही विषाणू मेंदूत सहसा सापडत नाही, सायटोकाइनचा अतिरेकच घात करतो. काही कुटुंबांत यामागे एका जनुकातला बदल असतो, हे २००९ मध्ये कळलं. विकार अतिशय दुर्मीळ आहे, पण तापातलं मूल हाक मारूनही नीट जागं होत नसेल, झटका आला असेल, ओळख विसरत असेल, तर सकाळची वाट न बघता सिव्हिल गाठायचं. फ्लूत मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही, त्यानं मेंदू आणि यकृत दोन्हींवर बेतू शकतं. ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून 'बघू दोन-चार दिवस' हे ज्येष्ठ, गरोदर आणि दम्याच्या माणसांनी करू नये.

लशीबद्दल थोडंच. ती दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या संशोधकांनी २०२२ साली लाखो ज्येष्ठांच्या नोंदी तपासल्या. फ्लूची लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत अल्झायमरचं निदान सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. लस घेणारी माणसं मुळातच तब्येतीची जास्त काळजी घेणारी असू शकतात, त्यामुळे हे लशीचंच श्रेय असं ठामपणे म्हणता येत नाही. पण मायक्रोग्लियाबद्दल इतकं वाचल्यावर मला ते अशक्यही वाटत नाही. आईला मी लस देते.

शेवटी अक्कांच्या धाकट्या मुलाचं सांगायचं राहिलं. तो टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे, बारा तासांची पाळी. त्यालाही फ्लू झाला. ताप उतरला त्याच दिवशी तो रातपाळीला निघाला, कारण मजुरी मीटरवर मिळते आणि घरी बसलेल्या दिवसाचे मीटर शून्य. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ 'कॉमन कोल्ड युनिट' नावाची एक संस्था होती. तिथे स्वेच्छेनं आलेल्या माणसांना सर्दी-फ्लूची मुद्दाम लागण करून अभ्यास करायचे. तिथल्या १९८७ च्या चाचण्यांत दिसलं की साध्या सर्दीत हात आणि डोळ्यांचा मेळ बिघडतो. फ्लूत बिघडतं ते वेगळं: कधी आणि कुठून येईल हे माहीत नसलेल्या गोष्टीकडे चटकन लक्ष जाणं. मागावर सगळं काम त्याच लक्षावर चालतं. धोटा कधी अडकेल, कुठला धागा सुटेल, पट्टा कधी सरकेल हे आधी ठाऊक नसतं, आणि रात्री तीन वाजता चालत्या मागात बोटं घालायला उशीर झाला किंवा घाई झाली तर काय होतं हे या वस्तीतल्या कितीतरी हातांकडे बघून कळतं.

मी अक्कांना घेऊन मालकांकडे गेले. मालक आमच्याच कॉलेजचे जुने विद्यार्थी, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्यांना नववी नस सांगितली नाही, हिप्पोकॅम्पसही नाही. एवढंच म्हटलं की ताप गेला तरी फ्लूनंतर काही दिवस माणसाची नजर मागे राहते, डॉक्टरी अभ्यासात हे मोजलेलं आहे, त्याला तेवढे दिवस मागावर उभं करू नका. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्याच्या बापालाही असंच झालं होतं टीचर, तेव्हा आम्हाला वाटायचं दारू पिऊन येतो." त्यांनी मुलाला दिवसपाळीत कांड्या भरायला, म्हणजे धोट्यासाठी सूत गुंडाळायला, बसवलं. कांड्यांची मजुरी मागापेक्षा कमी. तो फरक कोणी भरायचा यावर अक्का, मालक आणि मी अजून बोलतो आहोत. ओळीतल्या बाकीच्या कारखान्यांत तेवढं बोलणंही अजून सुरू झालेलं नाही.